दहाचा उणे आठवा घात

वडाळ्याच्या तंत्रशाळेत, सायंवर्गात,
लोटलीकर बाई फळ्यावर लिहितात:
हायड्रोक्लोरिक आम्ल, दहाचा उणे आठवा घात. पीएच काढा.
घात म्हटलं की मला अजून
शांताराम आयरेचा डावा डोळा आठवतो.
घाईत त्याने आम्लावर पाणी ओतलं होतं.
पाण्यात आम्ल सोडायचं, बारीक धारेने. उलटं कधी नाही.
हे पुस्तकात वाचायच्या आधीच मला माहीत होतं.

मी सत्तेचाळीस वर्षांचा. मरोळला निकेलच्या गाळ्यात
तेवीस वर्षं आम्लाच्या टाकीवर.
वाफेने आधी शर्टाची बटणं जातात, मग कॉलर,
वरच्या पत्र्याची दर दोन वर्षांनी चाळणी.
आम्ल मला नाकाने कळतं.
लॉग कळत नव्हता, तो बाईंनी असा सांगितला:
पायरी एकेक, उतरण दहापट.
लिटरला शतांश मोल, तर दोन. सहस्रांश, तर तीन.
नुसती शून्यं मोजायची. जमलं.

मागच्या सोमवारी त्या पाण्याबद्दल बोलल्या.
नुसतं पाणी, ज्यात कोणी काहीच टाकलं नाही,
तेही स्वस्थ बसत नाही.
एक रेणू आपला हायड्रोजन शेजाऱ्याला देऊन टाकतो,
देणारा उणा, घेणारा अधिक,
आणि क्षणात कोणीतरी कोणालातरी परत करतं.
किती जण असे? मी विचारलं.
पंचावन्न कोटींत एक.
मी मनात मुंबया मांडल्या, एकीला लागून एक,
पंचवीस-तीस तरी झाल्या,
आणि त्या सगळ्यांत, या घडीला, एकच माणूस
हातातलं दुसऱ्याच्या हातात ठेवताना.
तेवढ्यावर पाण्याचे सात होतात.
सात म्हणजे उदासीन.
दुःखी नव्हे, बाई म्हणाल्या, कोणाच्याच बाजूचं नाही,
आणि तेही पंचवीस अंशांवर.
पंचवीस अंश वडाळ्यात कधी असतात, बाई?
आमच्या गाळ्यात पस्तीस. तिथे उदासीनतासुद्धा
घसरून सहा पॉइंट चौऱ्याऐंशीवर येते.

तर आज उणे आठवा घात.
पोरांनी शून्यं मोजली, चटकन लिहिलं: आठ.
जुलेखाने तर खाली दोन रेघा मारल्या.
माझं पेन चालेना.
आठ म्हणजे आम्लारी. साबणाच्या बाजूचं.
आम्ल टाकल्यावर पाणी साबणाकडे सरकलेलं
मी तेवीस वर्षांत बघितलं नाही.
हात वर केला. म्हटलं, हिशेब बरोबर आहे बाई,
पण खोटा आहे.

त्या हसल्या नाहीत. खडू माझ्यापुढे धरला.
कोणाला मोजायचं राहिलं?

टाकीसमोर उभा राहतो तसाच उभा राहिलो,
अंग जरा मागे.

पाण्याला.

आम्ल दाट असतं तेव्हा
पाण्याचं स्वतःचं कोणी जमेस धरत नाही, धरायचं कारणही नसतं.
पण इथे पाण्याचे साडेनऊ आणि आम्लाचा एक.
पुढचं वर्गसमीकरण बाईंनीच सोडवलं:
सहा पॉइंट नऊ आठ.
साताच्या अलीकडे, केसभर.
कितीही पाणी ओता, अलीकडेच.

शेठ म्हणतो, तपासणीच्या आदल्या रात्री
दोन पिंपं पाणी ओत, मग राहतंय काय.
आकडा चढतो, खरं आहे. लाल पट्टी पिवळी पडते.
आम्लाचे कण मात्र होते तेवढेच,
जरा ऐसपैस बसून मिठीकडे जातात.
मीच ओततो ती पिंपं. दुसरं कोण ओतणार?

गृहपाठ: उणे सातवा घात.
पोरं सात लिहितील.
मी आधी पाणी लिहिलं, मग आम्ल,
रात्री दीडपर्यंत बसून सहा पॉइंट एकोणऐंशी.
वहीच्या मागच्या पानावर
चुन्याच्या गोणीचा भाव लिहून ठेवलाय, पन्नास किलोचा.
शेठला अजून बोललो नाही.